वॅगनारमध्ये एमटीबी (माउंटन बाइक) कशी बसवायची? (डिस्क ब्रेकचा घोळ पण झालाय)

घाटवेडा_कोथरूड:
नमस्कार मंडळी, महिन्यापूर्वी २९ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) घेतली, शनिवारी फॅमिलीसोबत पाचगणीला चाललोय आणि रविवारी पहाटे सगळे झोपलेले असताना पसरणी घाट उतरून वाई, मेणवली आणि परत वर असा बेत आहे. रॅक घ्यायचा नाहीये, वर्षातून चारदा लागणार आणि मागचा रॅक लावला की नंबरप्लेट झाकली जाते म्हणून वाटेत कोणी अडवलं तर नस्ती कटकट. गाडीची मागची सीट ६०:४० मध्ये दुमडते, म्हणजे लेकीला ४० वाल्या बाजूला बसवून उरलेल्या जागेत सायकल जायला हवी. काल पार्किंगमध्ये ट्रायल घेतली, पुढचं चाक काढलं तरी हँडल दारात अडकतंय, वर चेनचं काळं ग्रीस सीट कव्हरला लागलं ते बायकोने बघितलंय. आणि त्याहून वाईट म्हणजे चाक बाहेर असताना लेकीने गंमत म्हणून ब्रेक दाबला, आता दोन्ही पॅड एकमेकांना चिकटलेत आणि डिस्क आत जातच नाही. ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) आहेत. दुकानात न्यावं लागेल का?

चेन_उतरली:
दुकानात कशाला, हे प्रत्येकाचं एकदा होतंच. टायर काढायची प्लॅस्टिकची लिव्हर असेल ना, ती दोन पॅडच्या मध्ये घालून हळूहळू फाकवा, पिस्टन मागे जातात. स्क्रूड्रायव्हर अजिबात घालू नका, पॅडला ओरखडे पडतात. आणि ते ग्रीसचे हात पॅडला किंवा डिस्कला लागले तर ब्रेक किंचाळायला लागतील आणि लागणारही नाहीत, आधी हात धुवा. पुढच्या वेळी चाक काढलं रे काढलं की फटीत काहीतरी सरकवून ठेवायचं. नव्या सायकलसोबत प्लॅस्टिकचा तुकडा येतो पण तो सगळ्यांनी पहिल्याच दिवशी फेकलेला असतो, मी मुदत संपलेल्या एटीएम कार्डाचे दोन तुकडे एकत्र घालतो, जाडी जवळपास डिस्कएवढीच होते.

सातारकर_आज्जा:
पोरा दोन्ही चाकं काढ, पुढचं एकटं काढून वॅगनारमध्ये भागणार नाही आणि लेक पण बसायचीय. मागचं काढायच्या आधी चेन मागे सगळ्यात छोट्या गिअरवर आण, नाहीतर काढताना आणि परत लावताना बोटं काळी करत बसशील. सीट पूर्ण खाली घाल, पण आधी सीटच्या खांबाला टेपने खूण कर म्हणजे पहाटे अंधारात उंची शोधत बसायला नको. हँडल फ्रेमला समांतर करायचं असेल तर स्टेमचे (हँडल धरून ठेवणारा जोड) बाजूचे बोल्ट सैल करायचे, वरचा टोपीचा बोल्ट उगाच पिळू नको.

मीनल_पेडल:
आज्जांना +१. पण फ्रेम आडवी घालताना एक बघा, सगळे सांगतात चेनची बाजू वर ठेवा म्हणजे डिरेलर (गिअर बदलणारा भाग) दबणार नाही, ते बरोबर आहे, पण डिस्क दुसऱ्या बाजूला असते, म्हणजे चाकांसकट आडवी केली तर डिस्क खाली येते. माझी अशीच वाकली, खड्ड्यात आदळली आणि नंतर प्रत्येक फेऱ्याला खर्र खर्र. चाकं काढून वेगळी ठेवायची, डिस्कची बाजू वर, मध्ये जुनी चादर. कॅलिपरखाली (ब्रेकचे पॅड असतात तो भाग) घडी घातलेला टॉवेल. पेडल बोचत असेल तर तेही काढा, १५ चा स्पॅनर लागतो, डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. लक्षात ठेवायचं तर स्पॅनर वर उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पेडल सुटतात. मी पहिल्यांदा डावं पेडल सोडवायला म्हणून पंधरा मिनिटं जोर लावून आवळतच होते 😅

चेन_उतरली:
आणि उलटी करून नेऊ नका. हायड्रॉलिकमध्ये लिव्हरजवळच्या तेलाच्या टाकीतली हवा उलटं केल्यावर लाइनमध्ये गेली की ब्रेक स्पंजसारखा लागतो, झालंच तर थोडा वेळ सरळ उभी ठेवून लिव्हर दाबत राहा. पण पसरणी उतरायच्या आधी दोन्ही ब्रेक सपाटीवर बघा हं, आणि स्टेमचा बोल्ट पण. हँडल सैल राहिलं तर ते वळणावरच कळतं.

घाटवेडा_कोथरूड:
पॅड सुटले! टायर लिव्हरने, दोन मिनिटांत. आज दोन्ही चाकं काढून परत ट्रायल घेतली, बसली, लेकपण बसली, फक्त तिच्या सँडलला जागा नाहीये म्हणून ती चाकाच्या आऱ्यांत अडकवून नेणार म्हणतेय. एकच शंका, जोरात ब्रेक मारला तर फ्रेम लेकीच्या अंगावर येईल का?

सातारकर_आज्जा:
येईल. लेकीकडे हँडल किंवा चेनचा दातेरी भाग येऊ देऊ नको. पट्ट्याने फ्रेम सीटच्या मागच्या हुकाला किंवा पुढच्या सीटच्या रुळाला बांध, ताणून, बंजीवर (रबरी दोरी) भरवसा नको, ती ताणते. येताना चिखल असणार, ताडपत्री आधीच अंथर, बायकोने ते कव्हर बघितलंय ना.

मीनल_पेडल:
आणि चाकांचे अ‍ॅक्सल (चाक फ्रेमला धरणारे दांडे) काढून डिकीत सुटे टाकू नका. परत फ्रेमला लावून ठेवा. माझा एक अजून सापडलेला नाही.