मदत हवी आहे: मंडलाच्या मध्यभागी नेमकं कोण?

नमस्कार मंडळी. वेरूळच्या १२ नंबरच्या लेण्यात नऊ चौकटींचं एक शिल्प आहे, मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व. ते पाहिल्यापासून मंडलाबद्दल, म्हणजे बुद्ध आणि देवतांच्या ठरलेल्या मांडणीच्या पवित्र आकृतीबद्दल, मिळेल ते वाचतेय (रंगवायच्या वह्यांतली मंडलं नकोत, प्लीज).

पंचबुद्धांचं (बौद्ध तंत्रातल्या पाच बुद्धांचं) गणित बऱ्यापैकी कळलं. वज्रधातु मंडलात मध्ये पांढरा वैरोचन, पूर्वेला निळा अक्षोभ्य, बाकीचे तिघे उरलेल्या दिशांना. प्रत्येकाकडे एक क्लेश (मनाचा विकार), आणि तो हाकलायचा नाही, त्याचंच ज्ञान होऊ द्यायचं. अक्षोभ्याकडे क्रोध, त्याचं होतं आरशासारखं ज्ञान, समोर येईल ते जसंच्या तसं दाखवणारं. हे मला फारच पटलं.

गाडी अडलीय गुह्यसमाज या दुसऱ्या तंत्राच्या मंडलापाशी. तिथे अक्षोभ्य थेट मध्यभागी आणि वैरोचन पूर्वेला! मग अक्षोभ्याचा क्रोध आणि वैरोचनाचा मोह यांच्या जागाही बदलतात का? की साधकाच्या स्वभावानुसार केंद्र ठरतं? नुसती तंत्रपरंपरा वेगळी, एवढ्या उत्तराने समाधान होत नाहीये.

आणखी एक. ध्यानात मनासमोर आधी मंडलातला देवतांचा महाल उभा करतात की देवता? प्रत्यक्ष साधना करणाऱ्या कुणी सांगितलं तर उत्तम. मराठीत वाचण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.