शब्दचर्चा : मळी ‘आंबते’ की तिचं ‘किण्वन’ होतं?

कराडहून : कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तक्ता करतोय. ‘मळी आंबवून अल्कोहोल, ॲसेटिक ॲसिड’ असं लिहिलं होतं. सरांनी ‘आंबवून’ खोडून ‘किण्वन (फर्मेंटेशन) करून’ केलं. वडील म्हणतात, मळी कशाला आंबवताय, ती रानात विस्कटायची असते. बरोबर कुणाचं?

पलूसहून : वडिलांचंच की. आमच्याकडं मळी म्हणजे साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर राहणारा काळा गाळ, प्रेसमड. लागणीआधी ट्रॉलीनं आणून टाकायची. दारू होते त्याला काकवी लिहा.

सांगलीहून : काकवी नको हो! ती गुऱ्हाळातली. गूळ व्हायच्या आधी काहिलीतून काढतात, तिच्यात साखर सगळी तशीच असते. मोलॅसिस म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरलेला काळा, चिकट पाक. सरकारी कागदात आणि पेपरात मळी म्हणतात ती हीच. एकाच गेटातून दोन मळ्या निघतात. एकीला उत्पादन शुल्कचा परवाना लागतो, दुसरीला नुसती ट्रॉली.

आता आंबणं. मी डिस्टिलरीत लॅबला होतो. टाकीला आंबट वास येतोय म्हटलं की पोटात गोळा यायचा. यीस्ट साखरेचा अल्कोहोल करतं, आंबट काही करत नाही. वास आला म्हणजे भलतेच जिवाणू शिरले, उतारा पडला. आधीच १०० किलो ग्लुकोजमागं हिशेबानं ५१ किलो अल्कोहोल, बाकी कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. त्यात हे वाटेकरी! म्हणून तिथं किण्वनच. लॅक्टिक ॲसिड जिवाणू करतात, सायट्रिक ॲसिड ॲस्परजिलस नायजर ही बुरशी करते. तिथं मात्र ‘आंबवणं’ खुशाल लिहा, माल आंबटच व्हायला हवा. आणि ॲसेटिक ॲसिड वेगळ्या ओळीत घ्या. व्हिनेगर जिवाणू करतात. रसायनांच्या कारखान्यात मात्र अल्कोहोलचं आधी ॲसेटाल्डिहाइड, मग ॲसिड होतं. तो रसायनांचा खेळ, किण्वन नव्हे.

साताऱ्याहून : किण्वन हा कुणी काल पाडलेला शब्द नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या (दारूवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) प्रकरणात ‘किण्व’ येतं, दारूला लावायचं विरजण म्हणा. तेही उडीद आणि तांदळाचं. (आपलं इडलीचं पीठ आठवलं.)

कराडहून : तक्ता बदलला, ‘मोलॅसिसचं किण्वन’ केलं. वडिलांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, “मग आमची मळी कुठाय?” आता फिल्टरपासून रानाकडं एक बाण काढतोय.