मदत हवी आहे: क्लेव्हर अँड स्मार्टचा चित्रकार (सोमवारच्या आत!)

लेकुरवाळी: लेकाला सोमवारी वर्गात क्लेव्हर अँड स्मार्ट या कॉमिक्सच्या चित्रकारावर बोलायचंय. विषय त्याने निवडला, घाम मला फुटलाय. चित्रकाराने 1985 मध्ये आपली प्रकाशन कंपनी सोडली असं वाचलं. मग 1986 चे अंक काढले कोणी? बाई नेमकं हेच विचारणार. गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

खवटकाका: कोण क्लेव्हर, कोण स्मार्ट? शाळा कुठली, इयत्ता कितवी, बोलायचं कुठल्या भाषेत?

लेकुरवाळी: जर्मनीत आहोत हो. सहावी. जर्मनमध्येच बोलायचंय, दहा मिनिटं. ते दोन टकले गुप्तहेर, त्यातला एक सारखी वेषांतरं करतो. सगळ्यांना माहीत असतात.

खवटकाका: सगळ्यांना म्हणजे तुमच्या गल्लीत. आम्ही वेताळ आणि मँड्रेकवर वाढलो.

दुपारचा_चहा: मुलाला टिनटिनवर बोलायला सांगा. माहिती भरपूर मिळते.

लेकुरवाळी: विषय बाईंना कळवून झालाय. 1985 बद्दल कोणी सांगेल का?

फिरस्ता: ताई, चित्रकाराचं नाव लिहिलं असतंत तर कालच उत्तर मिळालं असतं. फ्रान्सिस्को इबान्येस. जर्मन नव्हे, स्पॅनिश. जन्म बार्सिलोना, 1936. जोडीचं मूळ नाव मोर्तादेलो आणि फिलेमोन. 20 जानेवारी 1958 ला ‘पुल्गार्सितो’ साप्ताहिकात पहिल्यांदा आले, तेव्हा शेरलॉक होम्सची टिंगल होती ती. हेरसंस्था, तो चिडका साहेब, प्रोफेसर हे सगळं 1969 च्या ‘एल सुल्फातो आतोमिको’ या गोष्टीपासून. जर्मनीत 1972 पासून छापतात.

आता तुमचा प्रश्न. ब्रुगेरा प्रकाशनात पात्रांवर हक्क कंपनीचा, मूळ चित्रंही कंपनीच्याच कपाटात. इबान्येस बाहेर पडला, पात्रं आत राहिली. मग कंपनीने आपल्याकडच्या चित्रकारांना बसवून गोष्टी काढून घेतल्या. 1986 चे अंक ते. स्पेनमधले वाचक त्यांना अस्सल धरत नाहीत.

लेकुरवाळी: हुश्श! पण नंतरच्या पुस्तकांवर परत त्याचंच नाव आहे?

फिरस्ता: मधल्या काळात त्याने ग्रिखाल्बो या दुसऱ्या प्रकाशनाकडे तीन बेकार पोरांची नवी मालिका काढली. तिकडे ब्रुगेरा बुडाली आणि तिचा माल एदिसियोनेस बे या नव्या प्रकाशनाकडे गेला. 1987 मध्ये स्पेनमध्ये बौद्धिक संपदेचा नवा कायदा आला, लेखक-चित्रकारांची बाजू भक्कम झाली. 1988 मध्ये हा आपल्या पात्रांकडे परतला आणि 2023 मध्ये जाईपर्यंत काढतच राहिला.

रानजाई: पुरा इतिहास सांगा की. 1957 मध्ये एस्कोबार, कोंती, सिफ्रे, पेन्यारोया आणि हिनेर या पाच जणांनी ब्रुगेराला रामराम ठोकून स्वतःचं ‘तीओ विवो’ साप्ताहिक काढलं. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर हाच बसला. स्वतःवर आलं तेव्हा हक्क आठवले!

फिरस्ता: एकवीस वर्षांचा पोरगा, बँकेतली नोकरी सोडून आलेला. त्याने काय करायला हवं होतं? मालकाला जाब विचारा ना, पोराला काय विचारता.

रानजाई: आणि त्याचा साकारिनो, तो ऑफिसातला पोऱ्या? सरळ बेल्जियन चित्रकार फ्रांकँच्या स्पिरू आणि गास्तों या पात्रांवरून उचललेला.

फिरस्ता: फ्रांकँचा नमुना समोर ठेवलेला होता हे मान्य. पण चौकटीच्या कोपऱ्यात ज्या फालतू गोष्टी चालू असतात, त्या इबान्येसच्याच. मी अजून आधी कोपरे वाचतो, मग गोष्ट.

दुपारचा_चहा: दोघांनी वेगळा धागा काढा.

चाळकरी: माझं ऐका, हेर सोडा, ‘13 रुए देल पेर्सेबे’ दाखवा. इबान्येसचीच, 1961 पासूनची मालिका. समोरची भिंत काढून टाकलेली इमारत, एका पानात सगळी बिऱ्हाडं: वजनात मारणारा वाणी, गच्चीवर उधारी बुडवणारा. आमची गिरगावातली चाळच. एका खोलीत राक्षस बनवणारा शास्त्रज्ञ होता. स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या राज्यातल्या सेन्सॉरने हरकत घेतली की जीव निर्माण करणं देवाचं काम. म्हणून शास्त्रज्ञाला काढून त्या खोलीत शिंपी बसवला! वर्गाला हे सांगा, 1985 कोणी विचारणारच नाही.

लेकुरवाळी: शिंप्याची गोष्ट त्याला फारच आवडली, आता तीच पहिली सांगणार म्हणतोय. फिरस्ता, ‘हक्क कंपनीकडे होते’ याला सहावीच्या पोरांना कळेल असं सोपं जर्मन कोणी देईल का?

खवटकाका: जर्मन नाही येत. चांदोबाचे जुने अंक हवे असतील तर माझ्या माळ्यावर गठ्ठा आहे, वाळवी लागायच्या आत न्या.

दुपारचा_चहा: काका, कुठल्या सालचे?