शब्दचर्चा: ओझोनची घट, ऱ्हास की नाश?

तळटीप
ध्रुवीय स्थितांबरातल्या ओझोनवरचा एक लेख मराठीत आणतोय. 'ओझोन लॉस रेट' पानोपानी येतो. मी सरसकट 'घटीचा दर' लिहिलं होतं, तपासणाऱ्या बाईंनी सगळीकडे 'ऱ्हास' केलं. 'एस्टिमेट'ला 'अंदाज' म्हटलं होतं, ते खोडून 'आकलन'. ऱ्हास म्हटलं की मला नीतिमूल्यं आठवतात. वायूचाही ऱ्हास होतो का?

खडूफळा
'ओझोन थराचा ऱ्हास' पाठ्यपुस्तकांत कधीच रुळलाय. थराचा ऱ्हास कानाला खटकत नाही, नुसत्या ओझोनचा किंचित खटकतो. पण आधी हे ठरवा की लेखात लॉस म्हणजे नक्की काय? मोजलेलं प्रमाण कमी झालं ते, की रासायनिक क्रियेत जेवढा ओझोन संपला तो? ध्रुवावर या दोन गोष्टी मुळीच एक नाहीत.

हिवाळ्यात ध्रुवीय भोवऱ्यातली (ध्रुवाभोवती गरगरणाऱ्या वाऱ्यांच्या कड्यातली) हवा थंड होत हळूहळू खाली बसते. वरून येणाऱ्या त्या हवेत ओझोनचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे १८-२० किमी उंचीवर एकीकडे क्लोरीन ओझोन खातोय आणि दुसरीकडे वरून भर पडतेय. विहिरीचा झरा चालू असेल तर पाण्याची पातळी बघून उपसा किती झाला ते कळत नाही, त्यातलाच प्रकार. पातळी हलली नाही म्हणून नाश झालाच नाही असा अर्थ वाचकाने घेतला, तर दोष 'घट' या शब्दाचा.

माझं मत: मोजणीत दिसते ती 'घट', रसायनामुळे होतो तो 'नाश'. 'ऱ्हास' शीर्षकाला ठेवा, बाईंचाही मान राहील.

तळटीप
लेखात उदाहरण आहे, २०११च्या वसंतातलं. आर्क्टिकवर १८ ते २० किमीच्या पट्ट्यातला ८० टक्क्यांहून जास्त ओझोन गेला. ही घट की नाश?

पवनमुक्त
नाश. वरून आलेली भर हिशोबात धरून काढलेला आकडा आहे तो.

दर कसा काढतात ते बघितलंत तर शब्द आपोआप सुचतील. १९९१-९२च्या आर्क्टिक हिवाळ्यापासून 'मॅच' नावाची पद्धत वापरात आहे. फुग्याला ओझोनसोंड, म्हणजे ओझोन मोजणारी पेटी, बांधून वर सोडतात. तिच्यात छोटा पंप पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून हवा ओढतो, ओझोनची आयोडाइडशी क्रिया होऊन बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो, त्यावरून प्रमाण कळतं. मग वाऱ्यांच्या नोंदींवरून ती हवा पुढे कुठे जाणार ते काढायचं आणि काही दिवसांनी ती ज्या केंद्रावरून जाईल तिथे निरोप द्यायचा: अमुक वेळेला फुगा सोडा. मार्ग काढतानाच हवा किती खाली बसली तेही धरलेलं असतं.

समजा पहिल्यांदा ३००० पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत इतके भाग ओझोन) मिळाले, पाच दिवसांनी त्याच हवेत २८५०. मधल्या काळात त्या हवेला ३० तास ऊन लागलं. गेले १५०, म्हणून दर ५ पीपीबी, 'उन्हाच्या दर तासाला'. एकाच जोडीवर कुणी विसंबत नाही; जोड्या भरपूर जमवून त्यांच्यातून सरळ रेषा काढतात, तिचा उतार म्हणजे दर.

रिकामा रांजण
'दर दर तासाला ५ पीपीबी' असं लिहू नका म्हणजे झालं. 'ताशी' आहे की हाताशी! आणि तासच का, दिवस का नाही?

पवनमुक्त
दिवसही चालतो, फक्त ध्रुवावरचे सगळे दिवस सारखे नसतात ना. ध्रुवीय स्थितांबरात बनणाऱ्या ढगांच्या कणांवर क्लोरीन मोकळा होतो (साधारण उणे ७८ अंशांच्या खाली हे ढग बनतात), पण ओझोन खायला त्याला उजेड लागतो. क्लोरीन मोनॉक्साइडचे दोन रेणू जोडीने बसतात, ती जोडी उजेडाने फुटली तरच साखळी पुढे सरकते.

'उन्हाचे तास' मात्र मी परत घेतो. २० किमी उंचीवर सूर्य क्षितिजाच्या चारेक अंश खाली असला तरी दिसतो. खाली जमिनीवर अंधार असताना वरच्या हवेचं घड्याळ चालूच. 'उजेडाचे तास' म्हणा.

खडूफळा
'उजेडाचा तास' झकास. 'एअर पार्सल'ला, म्हणजे ज्याचा माग काढायचा त्या हवेच्या तुकड्याला, काय लिहिताय? पार्सल म्हटलं की कुरिअरवाला डोळ्यांसमोर येतो.

तळटीप
'हवेचा पुंज' लिहिलंय. आता 'आकलन'?

रिकामा रांजण
संख्याशास्त्राच्या परिभाषेत असेलही, पण 'नाशदराचे आकलन' वाचून सामान्य माणूस 'दर समजून घेतला' असाच अर्थ लावणार. अंदाज हलका शब्द आहे हा समजही चुकीचा. अंदाजपत्रकात कोटींचे आकडे असतात, त्याला कुणी ठोकताळा म्हणतं का? फक्त अंदाजासोबत कमी-जास्तीची मर्यादा दिली पाहिजे.

खडूफळा
पटलं. जिथे क्रियापद चालेल तिथे 'दर काढला' एवढंच लिहा, नाम नकोच.

तळटीप
ठीक. नाशदर, उजेडाचे तास, हवेचा पुंज, आणि नाम लागलंच तर अंदाज. 'नाशदर' जोडून लिहू की 'नाशाचा दर'?

पवनमुक्त
पहिल्यांदा 'नाशाचा दर', पुढे जोडून. तक्त्यांच्या मथळ्यांत जागाही वाचेल.