लिनक्स बसवून देणारा निघून गेल्यावर काय?

डिचोलीचा डेबियनवाला

काल इथे एका सदस्याने लिहिले की 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार संपला, तेव्हा जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली टाकावी, फेसबुक आणि ट्विटर सोडून मॅस्टोडॉन या, अनेकांनी चालवलेल्या वेगवेगळ्या सर्व्हरांच्या समाजमाध्यमावर यावे, आणि जे एवढेही करत नाहीत त्या आळशांनी नंतर रडू नये. ही हेटाळणी मला झोंबली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उबुंटूच्या फुकट सीडी टपालाने येत असत तेव्हापासून मी लिनक्स वापरतो. उबुंटू, मिंट, फेडोरा, मध्यंतरी आर्च अशा लिनक्सच्याच आवृत्त्या बदलत शेवटी डेबियनवर स्थिरावलो, याचे कारण एवढेच की दर सहा महिन्यांनी बिऱ्हाड हलवण्याची हौस फिटली. तेव्हा माझा आक्षेप लिनक्सवर नाही. असा सल्ला देणारे लोक यंत्रणा बसवून मोकळे होतात आणि पुढे ती सांभाळायची कोणी, हे कधीच सांगत नाहीत, हा माझा आक्षेप आहे.

माझा मावसभाऊ फोंड्यात लोकांचे हिशेब आणि विवरणपत्रे भरून देतो. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि त्याचा संगणक त्याहून जुना होता. म्हणून मी त्यावर मिंट बसवून दिले. हिशेबाचे टॅली विंडोजसाठीच बनलेले असल्यामुळे ते दुसऱ्या यंत्रावर ठेवावे लागले. बाकीचे काम सुरळीत चालले, पण मोठे अपडेट झाले की प्रिंटर रुसायचा, आणि एका सरकारी संकेतस्थळाची डिजिटल सहीची जोडणी केवळ विंडोजवर चालत असल्याने सहीचा टोकन तिथे ओळखलाच गेला नाही. प्रत्येक वेळी फोन मला यायचा आणि मी डिचोलीहून फोंड्याला निघायचो. यालाच स्वातंत्र्य म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. मला मात्र तो एका कंपनीऐवजी माझ्यावर अवलंबून राहिलेला दिसला, आणि कंपनीला निदान ताप येऊन ती अंथरुणाला खिळत नाही.

मॅस्टोडॉनचीही तीच गत आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातील एका ज्येष्ठ वकिलाचे खाते बंद केल्यावर भारतीयांची जी लाट तिकडे वळली, तिच्यासोबत मीही गेलो. ज्या लहान सर्व्हरवर खाते उघडले, तो एक माणूस पदरमोड करून चालवत होता. इतर सर्व्हरांवरून येणाऱ्या चित्रांचा साठाच एवढा वाढत जातो की काही काळाने त्याने हात टेकले. अनुयायी नव्या खात्यावर नेता आले, पण लिहिलेले सगळे तिथेच राहिले, कारण मॅस्टोडॉनवर खाते हलवताना जुने लेखन सोबत येत नाही. एकट्या माणसाचे सोडाच, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलासारख्या संस्थेनेही आपला मॅस्टोडॉन सर्व्हर 17 डिसेंबर 2024 रोजी बंद केला. यात आळस कोणाचा?

टर्मिनलप्रेमी

तो सदस्य मीच, आणि लिहिले त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले आणि 2019 मध्ये गूगल प्लसनेही गाशा गुंडाळला. तिथून आपण किती अनुयायी सोबत आणलेत, तेवढे सांगावे. मॅस्टोडॉनचा एक सर्व्हर बुडाला तरी बाकीचे जाळे चालू राहते, कारण हे सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात ते अ‍ॅक्टिव्हिटीपब 2018 पासून वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे मान्य मानक आहे आणि त्यावर कोणा एका मालकाची लहर चालत नाही.

राहिला आपल्या मावसभावाचा प्रश्न. विंडोज होते तेव्हा ते कोणाला फोन करत होते? बाजारातल्या दुरुस्तीवाल्यालाच ना? तो पैसे घेत होता म्हणून त्याचे नाव व्यवसाय, आणि आपण फुकट जाता म्हणून लिनक्स वाईट, हा न्याय मला समजला नाही. आपणही पैसे घ्यावेत.

म्हापशाचा छापखानेवाला

आपण दोघे प्रिंटर आणि सर्व्हर यांवरून भांडत आहात. ज्याचे पोट देवनागरीवर चालते त्याची विचारपूस कोणी करत नाही. जत्रांची पत्रके, नाटकांच्या जाहिराती, लग्नपत्रिका असा माझा सगळा जुना साठा पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये आणि श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत आहे. लिनक्सवर त्यातला मजकूर काढला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसतो. मागे एका उत्साही मुलाने पानमांडणीसाठी स्क्रायबस बसवून दिले होते. त्यात जोडाक्षरे अशी सुटी पडली की पत्रक पाहून देवस्थानच्या अध्यक्षांनी मलाच विचारले, आपण शाळेत गेला होतात का?

टर्मिनलप्रेमी

यात लिनक्सचा काडीचाही दोष नाही. जुन्या फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवले होते. तो फाँट नसलेल्या कोणत्याही विंडोजवर हाच कचरा दिसेल. स्क्रायबसची 1.4 आवृत्ती देवनागरी धड जुळवत नव्हती, हे खरे. पण जानेवारी 2024 मध्ये आलेली 1.6 ती व्यवस्थित जुळवते. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये मुळातच असतो, आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तर नोटो फाँटमध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात. जुना मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात आणणे एवढेच काम उरते, आणि तेही एकदाच करायचे असते.

म्हापशाचा छापखानेवाला

"एवढेच"! साहेब, आपण कधी छापखान्यात उभे राहिला आहात काय? मी एका पत्रिकेचा मजकूर असाच रूपांतरित केला, तर यजमानांच्या आडनावावरचा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला आणि पत्रिका वाटून झाल्यावर लक्षात आले. दोष युनिकोडचा नाही, फाँटाचा आहे, असे मी वधूपित्याला समजावू काय? पुन्हा छपाईचा खर्च मी सोसला. आपल्या त्या मान्य मानकाने एक पैसाही दिला नाही.

साखळीची शिक्षिका

रफार सरकण्याचे कारण साधे आहे. जुन्या फाँटात रफार अक्षरानंतर टंकला जातो आणि युनिकोडमध्ये त्याचा र् अक्षराच्या आधी साठवला जातो; रूपांतर करणारा प्रोग्राम ही अदलाबदल करताना, विशेषतः पुढे काना किंवा वेलांटी असली की, गोंधळतो. म्हणून आडनावे डोळ्यांनीच तपासावी लागतात, आणि ते काम टर्मिनलप्रेमी यांनी एका वाक्यात उडवून लावणे मला पटले नाही.

मूळ मुद्द्याविषयी बोलायचे तर केरळच्या शाळांत लिनक्स टिकले ते हौशी लोकांमुळे नव्हे. तिथे कैट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची आवृत्ती तयार करते आणि शिक्षकांना प्रशिक्षण देते. आमच्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याने मोठ्या प्रेमाने सगळ्या यंत्रांवर लिनक्स बसवले. त्याला पुण्यात नोकरी लागली आणि प्रशासकाचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. शिवाय ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 मध्ये 32 बिटांच्या इंटेल संगणकांसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही, म्हणजे "जुन्या संगणकावर टाका" हा सल्लासुद्धा खरोखर जुन्या संगणकाला लागू पडेलच असे नाही. मुलांना मात्र लिनक्सची काहीच अडचण आली नाही. कुरकुर आम्हा शिक्षकांचीच होती, हेही नोंदवते.

टर्मिनलप्रेमी

बाई, पासवर्ड वहीत लिहून ठेवण्यासाठी कैटची गरज नसते. आडनावांचे म्हणणे मान्य. यापुढे "एवढेच" म्हणण्यापूर्वी मी म्हापशाची परवानगी घेईन.

डिचोलीचा डेबियनवाला

पैसे घेण्याची सूचना शिरोधार्य. या महिन्यापासून मावसभावाला दर लावतो; मावशीची समजूत काढायला टर्मिनलप्रेमी यांनी स्वतः फोंड्याला यावे. सर्व्हर चालवणाऱ्यांनाही हाच नियम लावू, आणि आळशांना नावे ठेवणाऱ्यांनी वर्गणीची पहिली पावती फाडावी.

म्हापशाचा छापखानेवाला

माझ्या पत्रिकांचे रूपांतर कोणी करून देणार असेल तर दर कळवावा. मुद्रिते मी स्वतः तपासीन आणि जुने पेजमेकरचे यंत्र हलवणार नाही. फुकट करणार असाल तर नको, कारण मला चतुर्थीच्या तोंडावर फोन उचलणारा माणूस हवा आहे.