टिलटसनची पत्रं त्याच्याच प्रवचनांविरुद्ध साक्ष देतात का?

बखरवाचक (धागाकर्ता)

जॉन टिलटसन. यॉर्कशायरमधल्या सॉवरबीच्या कापडवाल्याचा मुलगा, घर प्युरिटन, बायको ऑलिव्हर क्रॉमवेलची भाची, आणि शेवटी १६९१ ते १६९४ कँटरबरीचा आर्चबिशप. सतराव्या शतकातल्या इंग्रजी गद्याचा विषय निघाला की याच्या प्रवचनांचं नाव येतंच. आपलं गद्य टिलटसन वाचून घडलं असं कवी ड्रायडन म्हणायचा, हे नाटककार कॉन्ग्रीव्हने लिहून ठेवलं आहे. गद्याबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार माणसाबद्दल आहे.

पहिलं प्रकरण रसेलचं. राजा दुसऱ्या चार्ल्सला मारण्याच्या राय हाउस कटात लॉर्ड विल्यम रसेलला मृत्युदंड झाला. २१ जुलै १६८३ ला लिंकन्स इन फील्ड्समध्ये त्याचं डोकं उडवलं. आदल्या दिवशी, २० जुलैला, टिलटसनने तुरुंगात त्याला पत्र दिलं. त्यात मुद्दे तीन: ख्रिस्ती धर्म सत्तेचा प्रतिकार स्पष्टपणे निषिद्ध मानतो, आपला धर्म कायद्याने स्थापित आहे हे खरं, पण तोच कायदा म्हणतो की कोणत्याही सबबीवर शस्त्र उचलता येणार नाही, आणि तुमचं मत सगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या जाहीर शिकवणीविरुद्ध आहे. शिवाय वर, अशाच समजुतीत मेलात तर खोट्या समाधानात मराल, ही भीती.

साडेपाच वर्षांनी, ३१ जानेवारी १६८९ ला, त्या मैदानाशेजारच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेच्या चॅपेलमध्ये हाच गृहस्थ देवाचे आभार मानतो, कशाबद्दल, तर विल्यम ऑफ ऑरेंज सैन्य घेऊन उतरल्यावर राजा जेम्स पळून गेला याबद्दल. वचन एज्रा ९:१३-१४ चं, म्हणजे ही देवाने केलेली सुटका. मग रसेलचं काय चुकलं होतं? तारीख?

दुसरं प्रकरण अथनेशियसच्या मतांगीकाराचं (मतांगीकार म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचं ठरावीक विधान). १६९३ मध्ये ख्रिस्ताचं ईश्वरत्व आणि देहधारण यांवरची चार प्रवचनं छापून टिलटसन आपण सोसिनियन नसल्याचं दाखवतो (सोसिनियन म्हणजे त्रैक्य आणि ख्रिस्ताचं ईश्वरत्व नाकारणारे). आणि २३ ऑक्टोबर १६९४ ला बिशप बर्नेटला पत्रात लिहितो की या मतांगीकारातून आपली सुटका झाली तर बरं. व्यासपीठावर एक, लखोट्यात एक.

तळटीप

आधी कागद तपासू, माणूस नंतर.

प्रवचनांचे दोन ढीग आहेत आणि ते मिसळले की सगळा घोळ होतो. त्याने स्वतः छापलेली ५४. ती १६९६ च्या फोलिओत 'रूल ऑफ फेथ' या त्याच्याच ग्रंथासोबत आली, आणि मुखपृष्ठावरच लिहिलंय की स्वतः आर्चबिशपने प्रसिद्ध केलेली एवढीच. बाकीची २०० राल्फ बार्करने हस्तलिखितांवरून काढली, १६९५ ते १७०४ या काळात १४ खंडांत. या दुसऱ्या ढिगातल्या मजकुरावर लेखकाचा शेवटचा हात फिरलेला नाही, आणि बऱ्याच प्रवचनांची तारीखही निश्चित नाही. 'टिलटसनचं उतारवयातलं मत' म्हणून त्यातलं वाक्य उचलणारे खुशाल तीस वर्षांपूर्वीचं वाक्य उचलत असतात. सुदैवाने बखरवाचकांची दोन्ही उदाहरणं पहिल्या ढिगातली आहेत. तेवढं श्रेय त्यांना.

आता तारीख. ३१ जानेवारीच्या प्रवचनाच्या मूळ छपाईवर साल १६८८ आहे. तेव्हाचं इंग्रजी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी, फेब्रुवारी आणि बहुतेक मार्च मागच्या सालात जातात. हे न कळल्यामुळे 'विल्यम नोव्हेंबर १६८८ मध्ये उतरला आणि टिलटसनने नऊ महिने आधीच आभार मानले' असा विनोद होतो. नरकावरचं प्रवचनही तसंच: ७ मार्च १६८९ म्हणजे आपलं १६९०. पत्रांनाही हाच नियम. वर्ष '१६८८/८९' असं जोडून लिहिलेलं नसेल तर मजकुरातल्या घटनेवरून लावायचं.

तिसरी गोष्ट, पुरावा कुठल्या हाताचा. बर्नेटला लिहिलेलं पत्र टिलटसनच्या स्वतःच्या हातचं. पण १६८० ची जी गोष्ट सगळे सांगतात, की राजासमोरच्या प्रवचनात 'देशाच्या स्थापित धर्माविरुद्ध असाधारण आज्ञेशिवाय उघड बोलू नये' असं म्हटल्याबद्दल स्थापित चर्चबाहेरचा पाळक जॉन हाउ याने घोडागाडीत सुनावलं आणि टिलटसन रडला, ती हाउचा चरित्रकार कॅलमी याने सांगितलेली आहे. ऐकीव. ती पत्रांच्या पंक्तीला बसवू नका.

कोर्टाची_पायरी

मी धागाकर्त्याच्याही पुढे जातो. पत्रं हवीत कशाला? छापील प्रवचनातच हा माणूस वकिली करतो. लिंकन्स इनमध्ये १६६३ पासून बॅरिस्टरांपुढे बोलल्यावर दुसरं काय होणार!

ते नरकाचं प्रवचन घ्या. राणी मेरीपुढे, व्हाइटहॉलमध्ये, वचन मत्तय २५:४६. युक्तिवाद असा: वचन दिलं की देणारा बांधला जातो, कारण समोरच्याला हक्क मिळतो. धमकीचं तसं नाही. शिक्षेचा हक्क धमकी देणाऱ्याच्याच हातात राहतो, त्याने तो वापरलाच पाहिजे असं नाही. दाखला निनवेचा: योनाने चाळीस दिवसांत नाश सांगितला, झाला नाही, आणि म्हणून देव खोटा ठरला नाही. कराराचा कायदा शिकवतोय की शुभवर्तमान? आणि याच्यात बिघाड कुठे होतो तेही बघा. धमकीचा सगळा उपयोग ती खरी वाटण्यात आहे. 'अंमलबजावणी ऐच्छिक' असं व्यासपीठावरून जाहीर केलं की तिचा धाक त्याच क्षणी संपतो. त्यामुळे पुढची पानं त्याला सांगत बसावं लागतं की पाप्याने या सवलतीवर विसंबू नये. एका हाताने दार उघडायचं, दुसऱ्या हाताने आतून कडी लावायची.

रविवारची_घंटा

कोर्टाची_पायरी, निनवेचा मुद्दा टिलटसन यांनी कायद्यातून आणलेला नाही, तो योनाच्या पुस्तकाचाच मुद्दा आहे. तिथे योना स्वतः नेमका याच कारणाने रुसून बसतो. देवाने शब्द फिरवला म्हणून रुसलेल्या संदेष्ट्याची बाजू तुम्ही घेताय, एवढंच. आणि सवलतीवर विसंबू नये असं सांगणं म्हणजे कडी लावणं नव्हे. न्यायाधीश माफी देऊ शकतो हे माहीत असलेला माणूसही चोरी करण्याआधी विचार करतो.

मूळ आरोपाकडे येते. बर्नेट यांना लिहिलेलं ते पत्र म्हणजे काही गुपित नव्हतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर १६८९ मध्ये प्रार्थनापुस्तक सुधारण्यासाठी जे आयोग वेस्टमिन्स्टरच्या जेरुसलेम चेंबरमध्ये बसलं, त्यात टिलटसन होते. तिथे याच मतांगीकारावर खल झाला. अडचण त्रैक्याची नव्हती, शापवाक्यांची होती: जो हे असंच्या असं मानणार नाही त्याचा सार्वकालिक नाश. आयोगाने तोडगा काढला, की ती वाक्यं ख्रिस्ती विश्वासाचं सार हट्टाने नाकारणाऱ्यांपुरतीच समजावीत, अशी सूचना छापायची. त्रैक्य मानणं आणि ते शब्दशः न मानणाऱ्या शेजाऱ्याला नरकात न पाठवणं यात विसंगती काय? थॉमस फर्मिन त्रैक्य मानत नसत, आणि ते टिलटसन यांचे जन्मभराचे मित्र होते. शापवाक्यं टोचणारच ना!

आयोगाचं पुढे काय झालं तेही सांगते. कॉन्व्होकेशन या पाळकांच्या प्रतिनिधिसभेच्या खालच्या सभागृहात अध्यक्षपदासाठी टिलटसन उभे राहिले आणि विल्यम जेन यांच्याकडून ५५ विरुद्ध २८ असे हरले. सुधारणा तिथेच बारगळली. दोन तोंडांच्या माणसाने हरण्यासाठी उघड निवडणूक कशाला लढवली असती?

बखरवाचक

आयोगाचा मुद्दा मान्य, मतांगीकाराचं प्रकरण मी अर्धं मागे घेतो. अर्धंच, कारण १६९३ च्या चार प्रवचनांत ही शापवाक्यांची अडचण त्यांनी मांडायला हवी होती. ती प्रवचनं लंडनच्या सेंट लॉरेन्स ज्यूरी चर्चमध्ये १६७९-८० मध्ये दिलेली होती, तेरा वर्षांनी बाहेर काढली ती आरोप पुसायला. पाळक चार्ल्स लेस्लीने त्यांच्यावर सोसिनियनपणाची टीका केली ती १६९५ मध्ये, म्हणजे टिलटसन गेल्यावर, तेव्हा उत्तर देणारा उरलाच नव्हता.

रसेलवर मात्र कुणी बोललेलं नाही.

तळटीप

रसेलचं पत्र एकटं वाचलं तर तुमचाच अर्थ निघतो. त्याच्या आधीचे दोन दिवस जोडा. रसेलचं मन वळलं आहे अशी बर्नेटची समजूत झाली, ती त्याने टिलटसनला सांगितली, टिलटसनने राजाचा मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स याला, हॅलिफॅक्सने राजाला. हॅलिफॅक्सचं म्हणणं, आजवरच्या कुठल्याही रदबदलीपेक्षा राजा या गोष्टीने जास्त हलला. म्हणजे 'प्रतिकार गैर' एवढं वाक्य रसेलच्या तोंडून आलं असतं तर कुऱ्हाड थांबण्याची शक्यता होती. मग कळलं की रसेल वळलेला नाही. तेव्हा घाईघाईने हे पत्र. मला ते धर्मशास्त्राचा निबंध कमी आणि मरू घातलेल्या माणसाला दिलेला दोर जास्त वाटतो. रसेलने ते आतल्या खोलीत नेऊन वाचलं आणि परत येऊन सांगितलं की पटवून घ्यायची तयारी आहे, पण पटलं असं म्हणवत नाही.

कोर्टाची_पायरी

दोर होता तर दोरासारखा लिहायचा. 'एवढं म्हणा, जीव वाचेल' असं पत्रात कुठे आहे? आहे ते आत्म्याच्या धोक्याबद्दल. दोनच शक्यता: ते खरं मानत होता, मग १६८९ मध्ये मत बदललं हे कबूल करायला हवं होतं. किंवा खरं मानत नव्हता, मग उद्या मरणाऱ्याला नरकाची भीती घालून सही मागितली. पहिली शक्यता मी त्याच्या पदरात टाकायला तयार आहे. पण कबुलीचं प्रवचन त्या ५४ मध्ये दाखवा.

रविवारची_घंटा

तिसरी शक्यता आहे. रसेल प्रतिकाराचा बेत *आखणाऱ्यांपैकी* होते असा आरोप होता. १६८९ मध्ये राजा देश सोडून गेलेला होता आणि सिंहासन रिकामं असल्याचं संसदेने ठरवलं. रिकाम्या खुर्चीचा प्रतिकार कसा करणार? ही पळवाट वाटेल, पण हजारो पाळकांनी नव्या राजाची शपथ याच भानगडीतून घेतली. आर्चबिशप सॅनक्रॉफ्ट यांना ती पटली नाही, त्यांनी पद गमावलं, आणि त्या जागी टिलटसन बसले. त्याची किंमतही मोजली. निंदापत्रांचा एक गठ्ठा त्यांच्या कागदांत सापडला, त्यावर त्यांच्याच हातचं: ही निंदापत्रं आहेत, देव त्यांना क्षमा करो, मी करतो.

पदाची हाव म्हणाल तर विल्यम रसेल यांच्या विधवा लेडी रसेल यांना सप्टेंबर १६८९ मध्ये लिहिलेलं पत्र वाचा. सेंट पॉल्सचं डीनपद मिळाल्यावर ते राजाला म्हणतात, आता मी आयुष्यभरासाठी निवांत झालो. राजा म्हणतो, तसलं काही नाही, आणि मोठ्या पदाचं बोलून दाखवतो. त्यानंतर दीड वर्ष टाळाटाळ चालली.

बखरवाचक

आणि मेल्यावर काय उरलं तेही लोक गहिवरून सांगतात: कर्ज, आणि प्रवचनांचे हक्क. विधवेने ते २,५०० गिनींना (गिनी म्हणजे सोन्याचं नाणं) विकले.

तळटीप

गहिवराआधी हिशेब. त्या २,५०० गिनींचे '२,६२५ पौंड' करणारे २१ शिलिंगचा दर लावतात, तो १७१७ मध्ये ठरला. १६९५ मध्ये खराब नाण्यांमुळे गिनी ३० शिलिंगपर्यंत चढली होती. सौद्याचा नेमका दिवस धरल्याशिवाय पौंडांचा आकडा लिहू नये. राजाने तिला वर्षाला ४०० पौंड पेन्शन दिलं, पुढे आणखी २००.

एवढी रक्कम प्रकाशक का मोजतो? मागणी. आणि मागणीचं कारण बांधणीत आहे. लॅन्सलॉट अँड्रूझच्या पिढीचा प्रवचनकार वचनातला एकेक शब्द अक्रोडासारखा फोडायचा, मध्ये लॅटिन-ग्रीक पेरायचा. टिलटसन ते सगळं टाकतो. १ योहान ५:३, 'त्याच्या आज्ञा कठीण नाहीत'. मुद्दे फक्त तीन: आज्ञा माणसाच्या बुद्धीला धरून आहेत, त्या पाळायला लागणारं बळ मिळतं, आणि पाळण्याला उत्तेजनही भरपूर आहे. मग लागूकरण, की संपलं. दुसऱ्या पाळकाला हे शनिवारी रात्री उचलून रविवारी वाचता येतं. कितीतरी जणांनी तेच केलं.

कोर्टाची_पायरी

उचलता येतं कारण त्यात आग नाही. मेथडिस्ट प्रचारक व्हाइटफील्ड १७४० मध्ये म्हणालाच, याला ख्रिस्ती धर्म महंमदाहून जास्त कळत नव्हता.

रविवारची_घंटा

व्हाइटफील्ड यांचं ते वाक्य भांडणाच्या भरातलं. पण आग नाही हे मान्य. पाठोपाठ तीन प्रवचनं वाचली तर मलाही पेंग येते.

लेडी रसेल यांच्याबद्दल मात्र एवढं लक्षात घ्या. ज्या बाईच्या नवऱ्याला आदल्या दिवशी ते पत्र दिलं, तिने पत्रव्यवहार तोडला नाही. उलट आर्चबिशपपद घ्यावं की नाही या पेचात टिलटसन तिच्याकडेच गेले, आणि तिनेच त्यांना सुनावलं की दुसऱ्यांना शिकवलेली शरणागती आता स्वतः आचरायची वेळ आली आहे. वोबर्न ॲबीतल्या कागदांवरून १७७३ मध्ये छापलेल्या तिच्या पत्रांत हे सगळं आहे. तुम्ही ज्याला ढोंगी ठरवताय त्याला ती जवळून ओळखत होती.

बखरवाचक

तिने तोडलं नाही हा तिचा मोठेपणा. त्याची शिफारस म्हणून मी तो कसा वाचू? ५४ मधलं कबुलीचं प्रवचन अजून कुणी दाखवलेलं नाही.

तळटीप

५४ मध्ये नाही. २०० मधलं एक दाखवतो, निकाल तुम्ही लावा. २९ जुलै १६९४, किंग्स्टन. त्याचं शेवटचं प्रवचन, बार्करने पहिल्याच खंडात घातलेलं. वचन योहान १:४७, 'ह्याच्या ठायी कपट नाही'. विषय प्रामाणिकपणा. रसेलचं नाव त्यात नाही.