मिझोरामला निघालेली खोकी आणि मदतीमागचा हेतू

वानवडीची वाचक (मूळ लेख)

परवा येथे एका सदस्यांनी लिहिले, की पुण्याच्या लष्कर भागातील आमच्या चर्चच्या मंडळीने म्यानमारमधील युद्धनिर्वासितांसाठी गोळा केलेल्या चादरी म्हणजे धर्मांतराच्या गळाला लावलेले आमिष आहे. दोन दिवस मी गप्प राहिले, पण ते वाक्य मनातून जात नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि त्यानंतर चिन प्रांतातील हजारो कुटुंबे तिआउ नदी ओलांडून मिझोराममध्ये आली. त्याच मार्चमध्ये केंद्राने सीमेवरच्या राज्यांना हा लोंढा रोखण्यास सांगितले, तेव्हा मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून, या लोकांच्या हालांकडे आम्हाला पाठ फिरवता येणार नाही, असे कळवले. पुढे तेथील चर्चच्या मंडळ्यांनी आणि यंग मिझो असोसिएशन या मिझो समाजसंस्थेने अन्न आणि निवारा उभा केला. ही चिन माणसे बहुतांशी पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्तीच आहेत. मग आमिष कोणासाठी?

आम्ही सोळा खोकी भरली: सोलापुरी चादरी, लहान मुलांचे स्वेटर, सॅनिटरी पॅड, ओआरएसची पाकिटे. एका खोक्यात कोणीतरी प्रार्थनेची छापील पत्रके ठेवली होती. ती मी स्वतः बाहेर काढली आणि त्यावरून उपासनेनंतर आमच्यातच अर्धा तास वाद झाला. चादर पांघरणाऱ्याकडून आम्हाला काहीही नको आहे, हे माझे म्हणणे शेवटी पाळकसाहेबांनी मान्य केले.

कसबा पेठ

ताई, ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेत नाही. निर्वासित आधीच ख्रिस्ती असतील, तर ही आपल्या माणसांनी आपल्याच माणसांना केलेली मदत झाली. तिला करुणेचे मोठे नाव कशाला द्यायचे? शिवाय पत्रके निघाली, हे आपणच सांगता. आपण ती काढली. दुसरे कोणी असते तर ती तशीच गेली असती. पुण्याला हा अनुभव नवा नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी विधवांच्या शिक्षणासाठी काढलेल्या शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन दिले होते, आणि तरीही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या आक्षेपावरून १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या त्यांच्या पाठीराख्यांनाही सल्लागार मंडळातून बाहेर पडावे लागले.

केडगावची लेक

रमाबाईंचे नाव निघाले, म्हणून लिहिणे भाग आहे. माझ्या आजीची आई १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंबरोबर त्यांच्या केडगावच्या आश्रमात आली. ती तेव्हा सहा वर्षांची असावी. आपल्या गावाचे नावही तिला धड सांगता येत नव्हते. पोटभर पेज मिळू लागल्यावरही ती भाकरीचे तुकडे वाळवून उशाखाली ठेवत असे, आणि म्हातारपणी तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत तसे तुकडे सापडल्याचे माझ्या आईने पाहिले आहे. ज्यांनी तिला रस्त्यावरून उचलले नाही, त्यांनी तिच्या धर्माचा हिशोब आज मागू नये. शारदा सदनात रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करत आणि मुली आपणहून येऊन बसत. दार लावून घ्यायला हवे होते काय?

कसबा पेठ

होय, लावून घ्यायला हवे होते, कारण आश्वासन दिलेले होते. आपल्या पणजीबद्दल मला आदर आहे, पण सहा वर्षांच्या उपाशी मुलीला ‘आपणहून’ हा शब्द लावता येतो का, याचे उत्तर आपण द्यावे. जो पेज देतो, त्याचा देव मुलाला आपोआप मोठा वाटू लागतो. अट घातली नाही तरी उपकाराचे ओझे अटीचेच काम करते. माझा आक्षेप एवढाच आहे आणि तो सर्व धर्मांच्या संस्थांना लागू आहे.

केडगावची लेक

आपल्या या न्यायाने तिने आधी मरायला हवे होते आणि मग मोकळेपणाने निर्णय घ्यायला हवा होता. तिने तो मोठी झाल्यावर घेतला, साठ वर्षे निभावला आणि आम्हाला वाढवले. तिला भुलवलेली म्हणणे हा तिचा अपमान आहे आणि तो मी ऐकून घेणार नाही.

पिंपरी कॅम्प

आपण दोघेही शारदा सदनात अडकलात. माझे वडील सिंधमधून फाळणीनंतर आले आणि आमचे घर अजूनही ज्याला लोक ‘कॅम्प’ म्हणतात त्या वस्तीत आहे. वडील सांगत, की कपडे वाटपाची रांग सर्वांत लाजिरवाणी वाटे. शिधापत्रिका हातात आली आणि दुकानाचा गाळा मिळाला, तेव्हा मान वर झाली. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. सरकारने आपले काम केले, तर चर्चच्या चादरीवर एवढा वाद होणारच नाही.

वानवडीची वाचक

दादा, आपले म्हणणे खरे आहे, परंतु कायदा होईपर्यंत थंडी थांबत नाही. कायदा मागणाऱ्यांत मी आपल्याबरोबर आहे.

कसबा पेठेतील काकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एप्रिल २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस ग्रीसच्या लेस्बोस बेटावरून बारा सीरियन निर्वासितांना आपल्या विमानातून रोमला घेऊन गेले. ती तिन्ही कुटुंबे मुसलमान होती. आपल्याच माणसांना मदत, हे तेथे कसे लागू होते? दुसरी गोष्ट माझ्या माहेरची, कोल्हापूरची. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. माझे आजोबा त्या छावणीत दुधाचा रतीब घालत. त्या लोकांनी छावणीत आपले चर्च थाटले. दूध देणाऱ्याने त्यांचा देव विचारला नाही आणि त्यांनीही दूधवाल्याचा विचारला नाही. त्या बायकांनी आजीला दिलेला लोकरीचा एक हातमोजा आमच्या घरी होता. त्याची जोडी कधीच मिळाली नाही.

उपकाराच्या ओझ्याबद्दल मात्र आपले म्हणणे मला खोडता येत नाही. म्हणूनच रेड क्रॉस आणि इतर मदतसंस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत, मदतीचा वापर धार्मिक भूमिका पुढे नेण्यासाठी होणार नाही, असे कलम आहे, आणि ती पुढे आणणाऱ्यांत कॅरितास आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या चर्चच्याच संस्था होत्या. आमची पत्रके त्या कलमाविरुद्ध होती. ती चूक आमची.

कसबा पेठ

लेस्बोसचे उदाहरण मला मान्य करावे लागते, जरी एका विमानाने सर्व संस्थांचा हेतू सिद्ध होत नाही. आचारसंहिता कागदावर आहे, आणि पत्रके खोक्यात होती. तरीही घरी दोन न वापरलेल्या चादरी आहेत. त्या देईन, पण खोकी बंद करताना मी समोर असेन आणि प्रत्येक खोके उघडून पाहीन.

केडगावची लेक

माझ्या पणजीबद्दल लिहिलेले आपण अजून मागे घेतलेले नाही.

वानवडीची वाचक

काका, शनिवारी चार वाजता या. चिकटपट्टी आपल्याच हातात देते.